'देवाचे भय' : ख्रिस्ती धर्मग्रंथातील एका शब्दाचा अर्थविचार

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :
- मराठीतील भयवाचक शब्दांच्या अर्थच्छटा स्पष्ट करता येतील.
- 'भय वाटणे' आणि 'भय धरणे' या रचनांतील भेद सांगता येईल.
- ख्रिस्ती धर्मग्रंथातील 'देवाचे भय' या संकल्पनेचा अर्थ मूळ शब्दांच्या व संदर्भांच्या आधारे मांडता येईल.
- 'देवभय' आणि 'अभय' या वरवर विरोधी वाटणाऱ्या मूल्यांचा परस्परसंबंध तपासता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, भाषांतरित ग्रंथ वाचताना एखादा शब्द आपल्याला थांबवतो. शब्द ओळखीचा असतो. परंतु तो ज्या ठिकाणी आलेला असतो, त्या ठिकाणी त्याचा ओळखीचा अर्थ लागू पडत नाही. मराठी बायबलमधील 'परमेश्वराचे भय' हा असाच शब्दप्रयोग आहे. जुन्या करारातील 'नीतिसूत्रे' या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात ज्ञानाचा उगम या भयात असल्याचे सांगितले आहे. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला येथे सहज प्रश्न पडतो, की माउलीचे भय कसले? दुसरीकडे, गावदेवीचा कोप, न फेडलेला नवस, चुकलेली पूजा यांविषयीची धास्तीही आपल्या लोकजीवनात आहे. त्यामुळे 'देवाचे भय' हे शब्द कानावर पडताच अनेकांच्या मनात हा कोपच उभा राहतो.

वर्धा जिल्ह्यातील वाचकाच्या बाबतीत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. सेवाग्राम आश्रमाच्या प्रार्थनेत एकादश व्रतांचा उच्चार होतो आणि त्यांत भयवर्जन हे एक व्रत आहे. एक परंपरा भयाला शहाणपणाचा आरंभ मानते आणि दुसरी भय टाकून देणे हेच व्रत मानते. या दोन भूमिका एकमेकींना छेद देतात काय? या प्रश्नाच्या उत्तराचा बराचसा भाग धर्मशास्त्राइतकाच भाषेच्या अभ्यासात सापडतो. म्हणून मराठीच्या विद्यार्थ्यांनी त्याकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ मराठीतील भयवाचक शब्दांचे क्षेत्र

भय, भीती, धास्ती, धाक, वचक, दरारा, भीड, मर्यादा हे सर्व शब्द एकाच अर्थक्षेत्रात वावरतात. तरीही त्यांची अदलाबदल करता येत नाही. अंधाराची भीती वाटते. अंधाराचा दरारा नसतो. वडिलांचा धाक असतो. सापाचा धाक नसतो. धाक, वचक आणि दरारा या शब्दांना समोर एखादी अधिकारी व्यक्ती लागते. भीड या शब्दाला अधिकाराचीही गरज नाही. तिला केवळ नात्याची बूज पुरते. म्हणजे या क्षेत्राच्या एका टोकाला जीव वाचवण्याची धडपड आहे, तर दुसऱ्या टोकाला नाते जपण्याची काळजी आहे.

क्रियापदांतही हाच भेद दिसतो. 'तो देवाला घाबरतो' आणि 'तो देवाला भिऊन वागतो' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिले वाक्य मनाची गडबडलेली अवस्था सांगते. दुसऱ्या वाक्यात 'वागणे' हे क्रियापद येताच भयाचे रूपांतर आचरणात होते. एखाद्या सज्जन माणसाविषयी 'देवाला भिऊन वागणारा माणूस' असे आपण म्हणतो, तेव्हा तो भेदरट आहे असे आपल्याला मुळीच सुचवायचे नसते. कोणी पाहत नसतानाही तो सचोटीने वागेल, असा विश्वास त्या शब्दांत असतो.

'पापभीरू' हा शब्दही या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. पापभीरू म्हणजे पापाला भिणारा. येथे भयाचा विषय देव नसून स्वतःच्या हातून घडू शकणारे दुष्कृत्य हा आहे. 'देवाला भिणारा' आणि 'पापाला भिणारा' हे दोन्ही शब्दप्रयोग मराठी माणूस जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो. ही गोष्ट आपल्या पुढील विवेचनाची किल्ली ठरेल.

५.२.२ 'भय वाटणे' आणि 'भय धरणे'

'मला भय वाटते' या वाक्यात अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीच्या रूपात येते आणि भय हे वाक्याचे व्याकरणिक केंद्र होते. भय येते, माणूस ते करत नाही. म्हणूनच 'भय वाट' अशी आज्ञा मराठीत देता येत नाही. जे आपोआप घडते, त्याची आज्ञा कशी करणार?

बायबलच्या मराठी भाषांतरांत मात्र 'भय धरणे' ही रचना रूढ झाली आहे. 'त्याने परमेश्वराचे भय धरले' या वाक्यात 'त्याने' हा कर्ता आहे आणि भय हे कर्म आहे. आता आज्ञार्थही शक्य होतो. 'धरणे' हे क्रियापद मराठीत कोणत्या नामांबरोबर येते, याची यादी करून पाहा : धीर धरणे, मौन धरणे, नेम धरणे, उपास धरणे, आस धरणे. बहुतेक ठिकाणी माणसाने निश्चयाने पत्करलेली आणि टिकवून ठेवलेली वृत्ती आपल्याला दिसते. 'भय धरणे' हा शब्दप्रयोग भयाला याच पंक्तीत बसवतो. असे भय हा अंगावर येणारा झटका राहत नाही. तो पाळायचा नेम होतो.

व्याकरणातील आणखी एक मुद्दा येथे उपयोगी पडतो. 'चोरभय' या सामासिक शब्दाचा विग्रह आपण 'चोरापासून भय' असा करतो आणि त्याला पंचमी तत्पुरुष म्हणतो. संस्कृत व्याकरणपरंपरेत भयाच्या कारणाला अपादान मानले आहे. अपादान म्हणजे जेथून वियोग होतो ते स्थान. भय म्हणजे दूर सरणे, ही कल्पना या व्यवस्थेतच गृहीत आहे. चोरापासून, वाघापासून, आगीपासून माणूस दूर पळतो. ख्रिस्ती धर्मग्रंथातील 'देवाचे भय' असे दूर पळवणारे आहे काय, हे आता पाहावयाचे आहे.

५.२.३ मूळ शब्द

जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत आणि नवा करार ग्रीक भाषेत लिहिलेला आहे. हिब्रूमध्ये या संदर्भात येणारे मुख्य नाम 'यिर्आ' हे आहे. संकटापुढची भीती, भव्यतेपुढचा विस्मय आणि वडीलधाऱ्यांविषयीची मर्यादा हे तिन्ही अर्थ याच धातूच्या रूपांनी व्यक्त होतात. 'लेवीय' या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात प्रत्येकाने आपल्या आईविषयी व वडिलांविषयी जी वृत्ती बाळगावी असे सांगितले आहे, तिच्यासाठी याच धातूचे क्रियापद योजले आहे. विशेष म्हणजे तेथे आईचा उल्लेख आधी आहे. माउलीचे भय कसले, या आपल्या प्रश्नाला हिब्रू भाषेने असे उत्तर देऊन ठेवले आहे. निव्वळ थरकापासाठी त्या भाषेत 'पाखाद' यासारखे वेगळे शब्दही आहेत. परंतु सीमारेषा काटेकोर नाहीत.

ग्रीक भाषेतील 'फोबोस' हा शब्दही असाच व्यापक आहे. मात्र भ्याडपणासाठी ग्रीकमध्ये 'देइलिया' हा स्वतंत्र शब्द आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी देवाने दिलेला आत्मा भित्रेपणाचा नाही असे म्हटले आहे, तेथे हाच शब्द आलेला आहे. अर्थात देवाचे भय धरणारा माणूस भित्रा असावा, अशी या ग्रंथाची अपेक्षा नाही.

नीतिसूत्रांमधील ज्ञानाच्या 'आरंभा'साठी पहिल्या अध्यायात 'रेशीथ' हा शब्द आहे. त्याचा अर्थ आरंभ असा होतो, तसाच श्रेष्ठ अंश असाही होतो. 'आरंभ' एवढाच अर्थ घेतला, तर ही पायरी ओलांडून पुढे जायचे असे वाटते. दुसऱ्या अर्थाने ती वृत्ती शेवटपर्यंत सोबत राहणारी ठरते.

> स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
> 'धाक', 'भीड' आणि 'धास्ती' हे शब्द प्रत्येकी दोन वाक्यांत वापरा. कोणत्या वाक्यांत शब्दांची अदलाबदल शक्य आहे व कोणत्या वाक्यांत नाही, याची कारणे लिहा.

५.२.४ एकाच ठिकाणी दोन भये

या संकल्पनेचा सर्वांत उद्बोधक संदर्भ 'निर्गम' या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात आहे. दहा आज्ञा दिल्या गेल्यानंतर गडगडाट, विजा, कर्ण्याचा नाद आणि धूर यांनी लोक कापू लागतात व डोंगरापासून दूर उभे राहतात. तेव्हा मोशे त्यांना सांगतो, की भिऊ नका. आणि त्याच दमात सांगतो, की देवाचे भय तुमच्यासमोर राहावे व तुम्ही पाप करू नये यासाठीच हे घडले आहे. मूळ हिब्रूमध्ये दोन्ही ठिकाणी एकाच धातूची रूपे आहेत. एक भय सोडण्यास सांगितले आहे आणि दुसरे राखण्यास सांगितले आहे.

हा विरोधाभास कथेच्या हालचालीतून उलगडतो. लोक दूर उभे राहतात आणि मोशे देव जेथे होता त्या घनांधकाराजवळ जातो. लोकांचे भय अपादानाचे आहे. ते दूर सारते. मोशेचे भय त्याला जवळ नेते. शिवाय दुसऱ्या भयाचा हेतूही तेथेच स्पष्ट केला आहे, तो म्हणजे पापापासून परावृत्ती. मराठीतील 'पापभीरू' या शब्दाशी असलेले त्याचे नाते येथे ध्यानात येते. दूर सरायचे ते पापापासून, देवापासून नव्हे.

५.२.५ भयाची सामाजिक बाजू

देवाचे भय धरणारा माणूस प्रत्यक्षात काय करतो? या प्रश्नाला धर्मग्रंथाने दिलेली उत्तरे विधींपेक्षा व्यवहाराशी अधिक निगडित आहेत. लेवीय ग्रंथात बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नये व आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये असे सांगून लगेच देवाचे भय धरण्याची आज्ञा येते. बहिऱ्याला ऐकू येत नाही. आंधळ्याला दिसत नाही. म्हणजे येथे अपराध पकडला जाण्याची शक्यताच नाही. जेथे माणसाचा धाक संपतो, तेथे देवाच्या भयाचे काम सुरू होते. वृद्धांपुढे उठून उभे राहावे, दारिद्र्यात सापडलेल्या बांधवाकडून व्याज घेऊ नये, ताब्यातील माणसाला कठोरपणे राबवू नये, या आज्ञांनाही हेच भय जोडलेले आहे. 'मलाखी' या ग्रंथात मजुराची मजुरी बुडवणारे आणि विधवा, पोरके व परके यांना नाडणारे लोक देवाला न भिणाऱ्यांच्या यादीत आहेत.

आपल्या परिसरातील उदाहरण घेऊ. हिंगणघाटसारख्या कापसाच्या बाजारपेठेत काटा मारणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. मापात खोट केली, तरी अडलेला शेतकरी तेथल्या तेथे फारसे काही करू शकत नाही. अशा वेळी ज्याचा हात आपणहून आखडतो, त्याला आपले आजी-आजोबा 'देवाला भिणारा' म्हणत आले. लेवीय ग्रंथाच्या ज्या अध्यायात बहिऱ्या-आंधळ्यांविषयीची आज्ञा आहे, त्याच अध्यायाच्या शेवटी खऱ्या तराजूची व खऱ्या वजनांचीही आज्ञा आहे.

या भयाची दुसरी सामाजिक बाजू अधिक धारदार आहे. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात मिसरचा राजा फारो शिफ्रा व पुवा या सुइणींना इब्री स्त्रियांचे नवजात मुलगे मारून टाकण्यास सांगतो. सुइणी देवाचे भय धरतात, म्हणून राजाची आज्ञा मोडतात आणि मुलांना जगू देतात. येथे देवाचे भय माणसाच्या भयाला पर्याय म्हणून उभे आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात हा भेद शब्दांच्या पातळीवरही पाळला आहे. नीतिसूत्रांमध्ये एके ठिकाणी देव आणि राजा या दोघांसाठी मिळून 'भिणे' हे एकच क्रियापद येते. पेत्राच्या पत्रात मात्र क्रियापदे विभागली आहेत : राजाच्या वाट्याला मान येतो आणि भय केवळ देवाच्या वाट्याला राहते.

मराठी ख्रिस्ती इतिहासात या वृत्तीचे ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही चर्चमधील वरिष्ठांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यांनी मान्य केली नाही. आपली सदसद्विवेकबुद्धी देवाला उत्तरदायी आहे, अधिकाऱ्यांना नव्हे, ही भूमिका त्यांच्या त्या काळातील पत्रव्यवहारात दिसते. स्वकीयांच्या रोषालाही त्या तशाच सामोऱ्या गेल्या. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवा यांना आणून आश्रय दिला. आजचा वर्धा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. अल्पशिक्षित स्त्रियांना ग्रंथ स्वतः वाचून कळावा, हा त्यामागचा हेतू होता. शब्द कोणाच्या हाती पोचतो, यावर त्याचा अर्थ किती अवलंबून असतो, हे त्यांनी जाणले होते. 'देवाचे भय' हे शब्द बलवानाच्या तोंडी राहिले, की ते दुबळ्याला गप्प बसवण्याचे साधन होतात. ग्रंथ दुबळ्याच्या हाती आला, म्हणजे हे भय प्रथम कोणाला सांगितले आहे, हे त्याला स्वतःच वाचता येते.

५.२.६ प्रीती आणि भय

योहानाच्या पहिल्या पत्रात पूर्ण प्रीती भयाला घालवून देते असा विचार आला आहे. मग जुन्या करारातील भयाची शिकवण नव्या कराराने रद्द केली काय? तसे म्हणता येत नाही. कारण पेत्राच्या पत्रासह नव्या करारातील अनेक लेखनांत देवाचे भय धरण्याचा उपदेश कायम आहे. योहानाने स्वतःच कारण दिले आहे : तो ज्या भयाविषयी बोलतो, त्याचा संबंध शिक्षेशी आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलही दास्याच्या भयाला अपत्याच्या नात्यापासून वेगळे करतो. दास शिक्षेला भितो. नाते दुखावेल याची काळजी मुलाला असते.

शिवाय जुन्या करारातही भय आणि प्रीती परस्परविरोधी नाहीत. 'अनुवाद' या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात देव लोकांकडून काय अपेक्षितो हे सांगताना भय धरणे आणि प्रीती करणे एकाच वाक्यात आले आहे. एकशे तिसाव्या स्तोत्रात तर भयाचे कारण म्हणून क्षमेचा उल्लेख आहे. शिक्षेने भय उत्पन्न होते, हे कोणालाही कळते. क्षमेने भय कसे उत्पन्न होईल? ज्याने आपला मोठा अपराध पोटात घातला, त्याच्यापुढे पुन्हा तोच अपराध करताना मन कचरते, हा अनुभव आठवला म्हणजे या स्तोत्राचा आशय उमगतो. हे कचरणे म्हणजेच येथील भय.

५.२.७ 'आदर' हा शब्द पुरेसा का नाही?

इतके विवेचन झाल्यावर असे सुचवले जाईल, की 'भय' हा शब्द टाकून 'आदर' हा सौम्य शब्द वापरावा. त्यात सोय आहे, परंतु अर्थाची हानीही आहे. पेत्राच्या पत्रात मान आणि भय यांच्यात केलेला भेद 'आदर' या शब्दाने पुसला जाईल. तसेच धर्मग्रंथात खरोखरीच्या थरकापाचे प्रसंगही आहेत. शरीराला मारणाऱ्यांना भिऊ नका, त्याहून मोठ्या सत्तेला भ्या, असे येशूने शिष्यांना सांगितल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. तेथे 'आदर' हा शब्द निस्तेज ठरतो. मात्र लगेचच चिमण्यांचा दृष्टांत देऊन, तुमचे मोल पुष्कळ आहे, म्हणून भिऊ नका, असा धीरही तेथे दिला आहे. ज्याला भ्यायचे, तोच सांभाळणारा आहे. हा ताण शब्दाने पेलला पाहिजे. 'भय' तो पेलते. अट एवढीच, की वाचकाने ते 'वाटणे'बरोबर न वाचता 'धरणे'बरोबर वाचावे.

> स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
> शिफ्रा व पुवा यांच्या कथेत 'भय' या शब्दाऐवजी 'आदर' हा शब्द योजल्यास अर्थात कोणता फरक पडेल? दहा ओळींत लिहा.

५.२.८ वर्ध्याचा संदर्भ : अभयव्रत आणि देवभय

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. गांधीजींनी १९१६ साली मद्रास येथे आश्रमव्रतांवर भाषण केले. भ्यावे असा एकच आहे आणि तो म्हणजे ईश्वर. त्याला भिणारा कोणत्याही उच्चपदस्थ माणसाला भिणार नाही, असा विचार त्यांनी तेथे मांडला. १९३० साली येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या व्रतविषयक पत्रांतही बाह्य भये टाकण्यास सांगताना, काम-क्रोधादी आतल्या शत्रूंना मात्र भिऊन राहावे, असा अपवाद त्यांनी केला. म्हणजे ज्या व्रताच्या नावातच भयाचा त्याग आहे, त्या व्रताच्या विवरणातही एक भय शिल्लक ठेवलेले आहे. ते पापभीरूचे भय आहे.

विनोबा १९२१ साली वर्ध्याला आले आणि पुढे पवनार ही त्यांची कर्मभूमी झाली. नव्या करारातील वेचे निवडून त्यांनी 'ख्रिस्त-धर्म-सार' सिद्ध केला. १९३२ साली धुळे तुरुंगात दिलेल्या गीताप्रवचनांत, सोळाव्या अध्यायातील दैवी गुणांचे वर्णन त्यांनी सैन्याच्या रूपकाने केले आहे. त्या सैन्याच्या अग्रभागी अभय आहे आणि पिछाडी सांभाळण्यास नम्रता आहे. हे रूपक आपल्या विषयाला लावून पाहता येते. बाहेरच्या सत्तेपुढे अभय हवे. परंतु तेवढेच असले, तर निर्भय माणूस उद्दाम होण्याचा धोका असतो. मागून येणारा अहंकार नम्रता अडवते. ख्रिस्ती धर्मग्रंथात पुष्कळ अंशी हे पिछाडीचे काम देवाचे भय करते. सुइणींच्या कथेत तर आघाडीचे कामही तेच करते.

वर्ध्यातील मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम करणारे जे. सी. कुमारप्पा हे श्रद्धावान ख्रिस्ती होते. ख्रिस्ताचे अनुसरण आणि परकीय सत्तेला विरोध यांत त्यांना विसंगती दिसली नाही. त्यासाठी त्यांनी तुरुंगवासही पत्करला आणि येशूच्या शिकवणुकीवर ग्रंथही लिहिला. देवाला भिणे आणि राज्यकर्त्याला न भिणे या एकाच वृत्तीच्या दोन बाजू कशा असतात, हे समजण्यासाठी आपल्याला दूरच्या मिसर देशापर्यंत जाण्याची गरज नाही.

५.३ सारांश

'देवाचे भय' या शब्दप्रयोगात 'भय' हा शब्द ओळखीचा असल्यामुळेच तो फसवा ठरतो. मराठीत 'भय वाटणे' हा अनुभव आहे, तर 'भय धरणे' हे आचरण आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथातील मुख्य आशय दुसऱ्या रचनेला जवळचा आहे. मूळ 'यिर्आ' या शब्दात भीती, विस्मय आणि मर्यादा हे तिन्ही अर्थ सामावतात. निर्गम ग्रंथात देवापासून दूर सारणारे भय सोडण्यास आणि पापापासून दूर ठेवणारे भय राखण्यास सांगितले आहे. या भयाची कसोटी दुबळ्यांशी होणाऱ्या व्यवहारात लागते, तसेच अन्यायी सत्तेपुढे दाखवलेल्या धैर्यातही लागते. नवा करार शिक्षेचे भय नाकारतो, पण देवाचे भय कायम ठेवतो. या अर्थाने देवभय आणि अभय ही मूल्ये परस्परपूरक आहेत. यापुढे कोणी देवाच्या भयाची आठवण करून देईल, तेव्हा ती आठवण बलवानाला दिली जात आहे की दुबळ्याला, एवढे आपण अवश्य तपासावे.

५.४ पारिभाषिक शब्द

- अपादान : क्रियेत जेथून वियोग वा दूर जाणे घडते ते स्थान किंवा कारण.
- अर्थक्षेत्र : परस्परसंबद्ध अर्थांच्या शब्दांचा समूह.
- यिर्आ : भीती, विस्मय व मर्यादा हे अर्थ व्यक्त करणारे हिब्रू नाम.
- एकादश व्रते : गांधीजींच्या आश्रमजीवनातील अकरा व्रते.

५.५ स्वाध्याय

१. 'भय वाटणे' व 'भय धरणे' यांतील व्याकरणिक व आर्थिक (अर्थविषयक) भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. निर्गम ग्रंथाच्या विसाव्या अध्यायातील दोन भयांचे स्वरूप सांगा.
३. 'जेथे माणसाचा धाक संपतो, तेथे देवाच्या भयाचे काम सुरू होते' या विधानाची चर्चा करा.
४. क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील वयोवृद्ध व्यक्तींशी बोलून 'देवाला भिणे', 'पापाला भिणे', 'जनाची लाज' यांसारखे शब्दप्रयोग कोणत्या प्रसंगी वापरले जातात, याची संदर्भासह नोंद करा. व्यक्तींची नावे न लिहिता शब्दप्रयोगांचे वर्गीकरण करा.